बिनतोंडीचा दुसरा भाग

माझी वहिनी वेडी ठरली ती माझ्या वहीमुळे. दोनशे पानी, रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची वही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे येणार आहे त्यात हसण्याजोगंही बरंच आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की बाई लहानपणच्या गमती सांगायला बसली. गमती होत्याच. मीही त्यांना गमतीच समजत होते, आणि तिथंच सगळी माती झाली.

आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील नोकरीत असतानाच वारले, त्यांच्या जागी दादा लागला आणि पुढं टीसी झाला. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. मी अकरावीला होते. वहिनी बोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, सातवी शिकलेली. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तरी मला ‘ताई’ आणि ‘तुमी’ म्हणायची. मी तिला खुशाल ‘तू’. नणंद कितीही शेंबडी असली तरी मानानं मोठी, रीतच तशी. मान घ्यायला मला कोणी शिकवावं लागलं नाही.

१९९३च्या उन्हाळ्यात दादानं सिकंदराबादहून टीव्ही गेम आणला. काळा डबा, दोन रिमोट, दोन कॅसेटी. एका कॅसेटवर शेकडो खेळ असल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात सातच, नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. पंधरा दिवसांत त्यांचा वीट आला. दुसरी पिवळी कॅसेट दुकानदारानं वर फुकट दिली होती, कारण ती कोणी घेईना. तीत एकच खेळ होता आणि तो अक्षरांनी खच्चून भरलेला. अक्षरं इंग्रजी नव्हती, तेलुगूही नव्हती.

“जपानी हाय ते,” दादा म्हणाला. “काई कामाचं न्हाई. फेकून दे.”

मी फेकली नाही. फुकट आलेली वस्तू फेकायची आमच्या घराण्यात पद्धत नव्हती.

खेळ भुताचा होता. डोंगरावर एक बंद घर. हातात कंदील घेतलेला एक पुरुष, त्याच्या मागून चालणाऱ्या दोन बायका, एक हिरव्या कपड्यातली, एक पिवळ्या. एकेक खोली उघडत जायचं. कुठं किल्ली सापडायची, कुठं फणी, कुठं दौत, आणि दर वेळी पडद्याच्या तळाशी एका चौकटीत अक्षरं टिकटिकत उमटायची. आणि कुठल्याही खोलीत, काही चाहूल न देता, ती समोर यायची. लांब केस, पांढरे कपडे आणि तोंडाच्या जागी कोरा चौकोन. डोळे नाहीत, नाक नाही. तिचं नाव आम्ही बिनतोंडी ठेवलं. तिनं हात लावला की माणूस मेलं, आणि मेलेलं माणूस त्या खेळात परत येत नसे. इतर खेळांत तीन-तीन जीव मिळायचे, इथं एकच. त्यात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. लाइट दिवसातून दोनदा तरी जायचीच, त्यामुळं पहिल्या चार खोल्या आम्हाला पाठ झाल्या होत्या.

वहिनीच्या गावात श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, ऐकणाऱ्यांनी मधूनमधून ‘बरं’ म्हणायचं. तिचे वडील, आबा, हे अर्थ सांगणारे. आणि तिकडची अर्थ सांगायची पद्धत अशी, की राजा बोलायला लागला की सांगणाऱ्यानं राजा व्हायचं, राक्षसीण रडायला लागली की त्यानंच रडायचं. आबांची राक्षसीण ऐकून बायका पदरानं डोळे पुसायच्या म्हणे. वहिनी त्यांच्या मांडीला टेकून हे ऐकत वाढलेली.

एका दुपारी मी रिमोट घेऊन बसले होते आणि ती माझ्या मागं तांदूळ निवडत होती. पडद्यावर फणी सापडली, अक्षरं उमटली. मी वैतागून म्हणाले, “काय खरडलंय कोण जाणे.”

वहिनीनं सूप खाली ठेवलं. पडद्याकडं जरा वेळ बघितलं आणि बोलायला लागली.

“ही फनी माझी हाय. माझ्या मायनं लग्नात दिलेली. माझी फनी संभाळून ठिवली ह्या लोकांनी. मला कुठं ठिवलं, ते सांगा.”

मी बटण दाबायचं विसरले. वळून बघते तर ती हसत होती. “आबावानी अर्थ लावला, ताई,” म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

त्या दिवसापासून मी वेडी झाले. म्हणजे खरी वेडी मी झाले, हे आज लिहिताना कळतं. कॉलेजातून आले की जेवण बाजूला ठेवून टीव्ही लावायचा. दादा ड्यूटीवर, आई आतल्या खोलीत आडवी झालेली. शेजारच्या क्वार्टरमधल्या फिटरकाकू यायच्या. त्यांचे यजमान लोको शेडमध्ये फिटर. काकू जाडजूड, मोठ्यांदा हसणाऱ्या, आणि भुताला मनापासून भिणाऱ्या. बिनतोंडी दिसली की माझा दंड असा धरायच्या की वळ उठायचा. काकू बौद्ध होत्या. त्यांचा कप आईनं खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. आई झोपली की वहिनी तो आमच्याच कपांत मिसळून टाकायची आणि आई उठायच्या आत पुन्हा खिडकीत. आम्हा तिघींचं हे एवढंसं गुपित होतं.

मी बटणं दाबायचे, वहिनी अर्थ सांगायची, काकू ‘बरं’ म्हणायच्या. वहिनीच्या अर्थाप्रमाणं बिनतोंडी ही त्या घरची पहिली सून. कंदीलवाला तिचा नवरा, हिरवी तिची सासू, आणि पिवळी ती नवी करून आणलेली. तिघं घरात शिरलेत ते सुनेच्या खाणाखुणा पुसायला, आणि ती फिरतेय ती आपलं सामान शोधत.

“सूड घ्यायला का नाही फिरत?” मी विचारलं. मला सूड हवा होता.

“मेलेलं मानूस सूड घेत नसतंय, ताई. त्याला आपलं ट्रंक पायजे असतंय.” तरी माझ्या हट्टाखातर ती मधूनमधून बिनतोंडीच्या तोंडी एखादी धमकी घालायची.

हे सगळं मी वहीत उतरवून घ्यायला लागले. खोली पहिली, खोली दुसरी, तिथं काय सापडतं, बिनतोंडी कुठून येते आणि त्याखाली वहिनीचा अर्थ, तिच्याच शब्दांत. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही असा माझा बाणा होता. काकू कौतुकानं म्हणायच्या, “लय सुंदर अक्षर हाय पोरीचं.” होतंच. वकिलालाही ते सहज लागलं.

आता घरात काय चाललं होतं ते सांगते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आईनं कुठल्याशा बाबाकडून बाटली आणली होती, त्यातलं काळं कडू औषध वहिनीला रोज सकाळी उभ्यानं प्यावं लागे. तरी दिवस जाईनात तेव्हा तिचं अंथरूण दादाच्या खोलीतून स्वयंपाकघरात आलं. दादाला दुसरं लग्न करायचं होतं. पण तो सरकारी नोकर. पहिली असताना दुसरी केली तर नोकरीवर गदा. म्हणून रीतसर फारकत हवी होती आणि त्यासाठी वहिनीची सही. ती सही करीत नव्हती. भांडत नव्हती, रडत नव्हती, फक्त सही करीत नव्हती. “मला हितंच ऱ्हायाचंय,” एवढंच म्हणायची. माहेरी दोन भाऊ, दोन भावजया, आणि आबा थकलेले. तिला दुसरं घर नव्हतं.

आणि पडद्यावर काय होत होतं? चौथ्या खोलीत एक बाटली सापडायची. वहिनी सांगायची, “मला बाटलीतलं कडू पाजलं. पोटात आग पडली. कुनी इचारलं न्हाई.” सातव्या खोलीत टेबलावर कागद आणि दौत. “ह्या कागदावर माझं नाव मागायलेत. नाव दिलं की मी ह्या घरात नव्हतेच कधी.” मी झरझर लिहून घ्यायचे. सकाळी जिला औषध घशाखाली ढकलताना बघितलं, तीच दुपारी हे बोलतेय, आणि माझ्या डोक्यात एकाला एक जोडलं जात नव्हतं. काकूंना कळलं असावं. त्या मधेच ‘बरं’ म्हणायचं विसरायच्या आणि तिच्याकडं बघत राहायच्या. मी त्यांना कोपरानं ढोसायचे.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस लाइट गेलीच नाही आणि आम्ही शेवटाला पोचलो. हिरवी आधीच मेली होती. पिवळी जिन्यावर मेली. कंदीलवाला एकटा शेवटच्या खोलीत शिरला आणि बिनतोंडी समोर उभी. तिनं हात लावला नाही. पडदाभर अक्षरं आली. मग त्या कोऱ्या चौकोनात हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. केसांतला भांग, मग कपाळ, मग भुवईची सुरुवात, आणि एकदम काळोख. आम्हाला वाटलं लाइट गेली. पण पंखा फिरत होता. काळ्या पडद्यावर अक्षरांची एक ओळ आली आणि तिच्या शेवटी आम्हाला वाचता येईल असं एकच चिन्ह होतं. 2.

“दुसरा भाग!” मी ओरडले. आई जागी झाली, मला शिव्या बसल्या, मला काही त्याचं नव्हतं.

पुढचे दोन महिने आमच्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर दुसऱ्या भागाशिवाय विषय नव्हता. दादाच्या मागं लागून मी सिकंदराबादच्या दुकानदाराला विचारायला लावलं. तो म्हणाला, जपानमध्ये निघालाय, आपल्याकडं संक्रांतीपर्यंत येईल. झालं. आम्ही दिवस मोजायला लागलो.

काकूंचं म्हणणं, दुसऱ्या भागात तोंड दाखवलंच पाहिजे. “इतकं रंगवून ठिवलंय, आता दाखवा म्हनावं. आन मग तिला मोकळं करा. किती फिरावं एका बाईनं.” माझं मत उलटं. तोंड दिसलं की भीती संपली. भुताला नाक-डोळे आले की ती कुणाची तरी मावशी दिसायला लागते. मला खोल्या वाढायला हव्या होत्या, मागं विहीर हवी होती, आणि तीन-तीन जीवांचा पोरखेळ मुळीच नको होता. एकच जीव पाहिजे, गेला तर गेला. काकूंना आणखी एक धास्ती होती. “पहिल्याची सर दुसऱ्याला नसती. आमच्या थोरल्या जावयाकडं बघून धाकटा केला, काय झालं बघतेस ना?” यावर आम्ही तिघी हसलो. वहिनीसुद्धा.

मग दादा एकदा खबर घेऊन आला. दुकानदाराकडं दुसऱ्या भागाच्या खोक्याचं चित्र आलंय. त्यावर आखूड केसांची एक पोरगी आहे, हातात बॅटरी. बिनतोंडी कुठंच नाही.

मी जेवले नाही. खरंच सांगते, त्या रात्री जेवले नाही. जिच्या जिवावर सगळा खेळ उभा, तिलाच काढून टाकायचं? दुसऱ्या दिवशी पायरीवर मी तावातावानं बोलत होते. वहिनी परकरांना नाड्या घालत होती. ती म्हणाली, “नवी आली तरी घर तेच ऱ्हाईल ना, ताई? मग जुनीनं जायाचं कुठं?”

मी विचार केला. खेळाचाच विचार केला. आणि म्हणाले, “तिला कुठं जायचंय, भूतच ती. घेतली नाही तर गेली. पण अर्थ तूच सांगायचा हं, नव्या पोरीचापण.”

वहिनी नाडी ओढत राहिली. काकू उठून घरी गेल्या. मला वाटलं त्यांना दळण आणायचं असेल.

आणि मग मी ती गोष्ट केली. दुकानदारानं नुसतं चित्र बघून सांगितलंय, त्याला आपली बिनतोंडी कुठं माहीत आहे, असं माझ्या मनानं घेतलं. त्याला सगळी हकीकत कळली तर तो नीट चौकशी करील. म्हणून मी वही दादाच्या हातात दिली. मागच्या पानावर प्रश्न लिहून दिले. बिनतोंडी आहे का? घर तेच आहे का? तोंड दाखवलंय का? दादा वही घेऊन ड्यूटीवर गेला. त्यानं ती गाडीत वाचली असणार. लांबचा प्रवास, वाचायला दुसरं काही नाही.

परत आला तेव्हा वही त्याच्याकडं नव्हती. “दुकानदार वाचायलाय,” म्हणाला. सिकंदराबादचा दुकानदार मराठी कशी वाचतो, हे मी विचारलं नाही. आस लागलेल्या माणसाला असले प्रश्न सुचत नसतात.

संक्रांत आली ती नामांतर घेऊन. विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं आणि कॉलनी मधोमध चिरली. एका ओळीत निळे झेंडे, पेढे, ढोल. दुसऱ्या ओळीत दारं बंद. एसट्या थांबल्या, गावोगाव दगडफेकीच्या, जाळपोळीच्या बातम्या. फिटरकाकू पेढ्यांची ताटली घेऊन आमच्या दारात आल्या. आईनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, “आमच्याकडं सुतक हाय.” कुणाचंही सुतक नव्हतं. काकू ताटली घेऊन परत गेल्या. त्या संध्याकाळी खिडकीतला कप आईनं उकिरड्यावर टाकला. वहिनीनं तो बघितला, मी पण बघितला. आमच्या दुपारी तिथंच संपल्या.

एसट्या सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी आमच्या घरी बैठक बसली. माझे मामा, कॉलनीतले एक निवृत्त हेडमास्तर, आणि तिकडून आबा आणि वहिनीचा थोरला भाऊ. आबांना मी फार दिवसांनी बघत होते. हाडं वर आलेली, धोतर स्वच्छ. वहिनी दारात पदर घेऊन उभी. तिला वाटत होतं मुलाबाळाचा विषय निघेल, औषधपाण्याचा निघेल. मलाही तसंच वाटत होतं.

आदल्या दिवशी दादा मला म्हणाला होता, “उद्या तुला काई इचारलं तर तेवढंच सांग. जास्तीचं बोलू नको.” आणि जाता जाता, “दुसरा भाग आलाय म्हनं. पुढच्या फेरीला आनतो.”

दादानं वही काढली. माझी निळी वही. ओळींखाली तांबड्या पेननं रेघा मारलेल्या. खोल्यांचे नंबर, किल्ल्या, फणी, बटणं, सगळं सोडून त्यानं नुसत्या रेघा मारलेल्या ओळी वाचल्या.

“मला बाटलीतलं कडू पाजलं. माझं अंथरूण चुलीपाशी टाकलं. मी मेले हाय, पर ह्यांना दिसत न्हाई. ज्याला हात लावीन त्यो मरंल. सासूला जिन्याखाली गाठीन. नवीला आधी.”

मामा म्हणाले, “हे काय शान्या बाईचं बोलनं हाय?” आई डोळ्यांना पदर लावून रडायला लागली, तिला खरंच भीती वाटली होती, तेवढं मी तिच्या बाजूनं सांगते. दादा म्हणाला, वकिलाला दाखवलंय. डोक्यावर परिणाम झालेली बायको असली तर कोर्ट मोकळं करतं. सहीसाठी अडून बसायची गरज नाही. पण कोर्टात गेलं तर वही सगळ्यांसमोर वाचली जाईल, त्यापेक्षा इथंच गोडीनं मिटवा.

वहिनी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. “ते खेळातलं हाय. टीव्हीवरल्या खेळाचा अर्थ हाय त्यो. शेजारच्या काकूला इचारा.”

काकू फाटकाबाहेर उभ्याच होत्या. क्वार्टरच्या भिंती पातळ, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. “मी सांगते की,” म्हणत त्या पायरीपर्यंत आल्या. आई रडायची थांबली, उठली आणि दार लावून घेतलं. “घरातली गोष्ट हाय,” म्हणाली. हेडमास्तर छताकडं बघत होते.

मग वहिनी म्हणाली, “ताईला इचारा. ताईनं लिव्हलंय.”

सगळे माझ्याकडं वळले. आबांनी विचारलं. फार मऊ आवाज होता त्यांचा. “सांग बाई. हे खेळाचं हाय का माझ्या लेकीच्या मनातलं?”

मला सांगता आलं असतं. टीव्ही समोरच होता, डबा त्याच्या खाली, कॅसेट डब्यात. उठून बटण दाबलं असतं तरी पुरलं असतं. चौथ्या खोलीतली बाटली दाखवली असती. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी दादाकडं बघितलं. आणि म्हणाले, “वहिनीनं सांगितलं तसंच लिहिलंय. शब्द न शब्द.”

“बघा,” दादा म्हणाला.

ते खरं होतं. खोटं मी एक अक्षर बोलले नाही. इतक्या वर्षांत स्वतःला हे मी हजार वेळा सांगितलंय. पण सतरा वर्षांची पोर घाबरली होती, असं म्हणून मला सुटताही येत नाही. घाबरले होतेच. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ती आखूड केसांची पोरगीही होती, बॅटरी घेतलेली. पुढच्या फेरीला आणतो म्हणालाय. हा विचार मनात आला होता, आणि तो आला होता हे मला स्वच्छ आठवतं.

आबांनी वही मागून घेतली. बोट ओलं करून एकेक पान उलटत ते वाचत बसले. तांबड्या रेघा सोडून बाकीचं वाचत होते. खोली पहिली, खोली दुसरी. एका पानावर ते थांबले आणि त्यांची मान आपोआप हलली, देवळात एखादी ओवी छान लागल्यावर हलत असेल तशी. मग त्यांनी वही मिटून दादाच्या पुढ्यात ठेवली.

“अर्थ लय चांगला सांगितलाय पोरीनं,” म्हणाले. “ऊठ बाई. हितं ऐकनारं कुनी न्हाई.”

वहिनी तिची ट्रंक घेऊन गेली. सही तिनं तिथंच केली. जाताना माझ्याकडं बघेल, काहीतरी टोचून बोलेल, असं मला वाटत होतं. ती आईच्या पाया पडली आणि गेली.

‘वेडी’ हा शब्द तिच्या आधी गावात पोचला होता. आबा दोन वर्षांत गेले. भावांच्या शेतात ती कापूस वेचायला जायची, पण तिच्या शेजारच्या ओळीची पात कोणी धरीत नसे, बाया म्हणत अंगावर येईल. आबांनंतर पोथीला अर्थ सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तिनं एकदा देवळाच्या पायरीवरून सांगायला सुरुवात केली, तर लोकांनी तिला उठवलं. हे मला फिटरकाकूंकडून कळलं. त्या एकट्याच तिला भेटायला जाऊन आल्या होत्या. बदली होऊन कॉलनी सोडताना त्यांनी मला फाटकात गाठून हे सांगितलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता निघून गेल्या. वहिनी आमच्या घरातून गेल्यावर नऊ वर्षांनी वारली. कशानं, ते मी नीट विचारलं नाही.

दादाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. नवी वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, परभणीची, लाजरी. मला ‘ताई’ आणि ‘तुमी’ म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत दादानं दुसरा भाग आणला. शब्दाला पक्का माणूस.

दुपारी आम्ही दोघी टीव्हीपुढं बसलो. आखूड केसांची पोरगी, हातात बॅटरी. खोल्या मोठ्या, रंग झगझगीत, तीन जीव. बिनतोंडी नव्हती. मी चार खोल्या उघडल्या, सहा उघडल्या. अक्षरं उमटत होती आणि जात होती. नवी वहिनी म्हणाली, “काय लिव्हलंय, ताई?” मी अर्थ सांगून बघितला. निबंध वाचल्यासारखा निघाला. ती आदबीनं ऐकत होती.

थोड्या वेळानं तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “ताई, राग येनार न्हाई तर एक इचारू? ह्यांची पहिली कशी होती हो?”

आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. माझा हात रिमोटवर होता. या वेळी मला कोणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, आणि आणून द्यायचं काही बाकी राहिलं नव्हतं.

“वेडी होती,” मी म्हणाले, आणि पुढची खोली उघडली.